बिलावरील इंग्रजी : सही करण्यापूर्वी

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. दुकानात मराठी, घरी उर्दू आणि इंग्रजी मिळाले ते बिलांतूनच, तेही अर्धवट. काही वर्षांपूर्वी सोलापूरहून इंदापूरमार्गे बारामतीला आमच्याकडे चादरींची एक गाठ आली. पावतीवर छापले होते, 'रिसीव्हड इन गुड कंडिशन'. 'कंडिशन' म्हणजे 'अट' एवढेच आम्हाला ठाऊक. आम्ही गाठ न उघडताच सही केली. आतला माल भिजलेला निघाला. तक्रार केली, तर आमचीच सही आमच्यापुढे ठेवण्यात आली. 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असे आम्हीच लिहून दिले होते! नुकसान आम्हाला सोसावे लागले.

तेव्हापासून आम्ही शब्द एकटा पाठ करीत नाही, वाक्यासह शिकतो. आज असे चार शब्द पाहू.

१) ड्यू : देणे झालेले. 'पेमेंट इज ड्यू ऑन टेन्थ मे', म्हणजे १० मे रोजी पैसे द्यावयाचे. ती तारीख उलटली की रक्कम 'ओव्हरड्यू', म्हणजे थकलेली.

२) नेट : कापडात नेट म्हणजे जाळी. बिलात नेट म्हणजे सूट वजा जाता उरलेली रक्कम. 'नेट अमाउंट नाइन हंड्रेड' म्हणजे हजारावर शंभराची सूट मिळून ९०० द्यावयाचे. मात्र 'नेट थर्टी डेज' असे असेल, तर पूर्ण रक्कम ३० दिवसांत द्यावयाची, असा अर्थ होतो.

३) ॲक्सेप्टन्स : मालाचा स्वीकार. माल बनविणाऱ्या कारागिरांनी हा शब्द विशेष ध्यानात ठेवावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेस, पण स्वीकारापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही ठरले नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. म्हणून उद्यम नोंदणी करावी आणि माल पोहोचल्याची तारीख गिऱ्हाइकाच्या सहीने घ्यावी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण हे संरक्षण मिळत नाही.

४) कॅन्डी : मुलांसाठी ही गोड गोळी. कापसाच्या बाजारात मात्र एक कॅन्डी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई. हा शब्द आपल्या 'खंडी'चाच इंग्रजी अवतार आहे. 'कॉटन' अरबी 'कुत्न'वरून आणि 'खाकी' फारसी 'खाक'वरून गेला. 'डंगरी' हे जाड कापड मुंबईच्या डोंगरीचे नाव घेऊन गेले. तेव्हा इंग्रजीला परकी समजून बिचकण्याचे कारण नाही. तिच्या घरात आपले पुष्कळ शब्द आहेत.

अभ्यासाची रीत सोपी आहे. वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि बिलातील ते वाक्य लिहावे. लिपी उर्दू असो वा देवनागरी. अर्थ लागला नाही तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना विचारावे, त्यात लाज कसली?

आणि गाठ उघडून पाहण्यास सवड नसेल, तर सहीच्या वर दोन शब्द लिहावेत, 'नॉट चेक्ड', म्हणजे माल तपासलेला नाही. हे दोन शब्द त्या दिवशी आम्हाला येत असते, तर निदान भांडायला आधार राहिला असता.