नरक्याचें झाड व स्वादुपिंडाचा कर्करोग

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांस नरक्याचें झाड ठाऊक असेलच. फुलांच्या दुर्गंधीमुळें त्यास हें नांव पडलें. परंतु कर्करोगावरील एका महत्त्वाच्या औषधाचें मूलद्रव्य या झाडांत आहे. म्हणून त्याची माहिती शेतकऱ्यांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

स्वादुपिंड ही जठरामागील ग्रंथि होय. पाचक रस व रक्तांतील साखर आवरणारें इन्सुलिन ती तयार करते. तिचा कर्करोग आरंभीं बहुधा लक्षांत येत नाहीं. कळतो तेव्हां शस्त्रक्रियेची वेळ पुष्कळदां टळून गेलेली असते. मग औषधांवरच भिस्त ठेवावी लागते.

सन १९६६ मध्यें अमेरिकेंत डॉ. वॉल व डॉ. मनसुख वाणी यांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. डॉ. वाणी हे मूळचे आपल्या खानदेशांतील नंदुरबारचे. पुढें १९७२ सालीं हेंच द्रव्य नरक्यांतही असल्याचें गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं दाखविलें.

हें द्रव्य कार्य कसें करतें? पेशी दुणावतांना तिच्यांतील जीवनसूत्रास, सुंभाप्रमाणें, पीळ पडतो. एक पाचकद्रव्य त्या सूत्राचा एक पदर कापून पीळ सोडवितें व पदर पुन्हां सांधतें. कॅम्प्टोथेसिन हा सांधा होऊं देत नाहीं. त्यामुळें झपाट्यानें वाढणारी पेशी मरते. परंतु मूळ द्रव्य रोग्यांस देतांच मूत्राशयास इजा होऊं लागली व ते प्रयोग थांबवावे लागले. नंतर जपानी रसायनशास्त्रज्ञांनीं त्याच्या घटनेंत फेरफार करून इरिनोटेकॅन बनविलें. सन २०११ मध्यें फ्रान्समधील ३४२ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. रोग शरीरांत पसरलेल्या या रोग्यांपैकीं ज्यांस इतर तीन औषधांसह इरिनोटेकॅन दिलें, त्यांतील निम्मे ११.१ महिन्यांपलीकडे जगले. केवळ जेमसिटाबिन घेणाऱ्यांत हा काल ६.८ महिने होता. रोग समूळ गेला नाहीं, परंतु आयुष्य वाढलें.

यावरून दोन गोष्टी ध्यानीं धराव्या. पहिली, नरक्याची साल उगाळून किंवा काढा करून रोग्यास कदापि देऊं नये. एका झाडांत द्रव्य किती व दुसऱ्यांत किती, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. आणि मूळ द्रव्य तर इजा करणारें आहे. काढ्याच्या भरंवशावर वैद्यकीय उपचार लांबविणें म्हणजे हातचे महिने गमावणें होय.

दुसरी, खोड व मुळांसाठीं या झाडाची बेसुमार तोड झाली आहे. व्यापारी दारीं आला म्हणून बांधावरील झाड मुळासकट देऊं नये. तोड व विक्री यांविषयींचे नियम आधीं वनखात्याकडे विचारावे. पक्व फळांचें बीं ताजें असतांच सावलींत रुजवून रोपें करावीं व तीं आपल्या राईंत लावावीं. मात्र खरेदीदार निश्चित झाल्यावांचून चांगलें शेत त्यांत गुंतवूं नये. झाड राखलें तर विक्रीचा विचार पुढेंही करतां येईल. उपटलेलें झाड मात्र परत येत नाहीं.