ताईताच्या आतला कागद



अच्छाड नाक्याजवळच्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. नववा महिना लागलेली एक बाई दारात बसली होती. तोंड सुजलेले, दोन दिवस डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. कमरेला काळ्या दोऱ्यात ताईत. सासूबाई म्हणाल्या, "बाबाने बांधून दिलाय, सुटका सुखाची होईल." रक्तदाब १७० च्या वर होता. गाडी बोलावून तिला रुग्णालयात नेले, पण दोन दिवस वाया गेले होते. बाई वाचली, बाळ वाचले नाही.

पुढे सासूबाईंनी तो ताईत स्वतःच उघडला आणि कागद आमच्यापुढे धरला. "ताई, यात काय लिहिलंय?"

कागदावर नऊ घरे होती. वरच्या ओळीत २, ७, ६. मधल्या ओळीत ९, ५, १. खालच्या ओळीत ४, ३, ८. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, १५ येते. याला पंधराचा यंत्र म्हणतात. हे गणित आहे. तिसरी-चौथीतले मूलही ही बेरीज करून पाहू शकते. घरी मुलांना करायला सांगा.

हा चौकोन फार जुना आहे. चीनमध्ये तो प्राचीन काळापासून माहीत होता. अरबी लोकांत तो बाळंतपण सोपे व्हावे म्हणून वापरत. आपल्याकडे वृंद नावाच्या वैद्याच्या 'सिद्धयोग' या सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही अडलेल्या बाळंतिणीसाठी असाच चौकोन सांगितला आहे, त्याची बेरीज ३० येते. ताईत हा शब्दही अरबीतून आला, मूळ अर्थ 'आसरा मागणे'. म्हणजे हे कुणा एका धर्माचे खूळ नाही. त्या काळी रक्तदाब मोजायचे यंत्र नव्हते, रक्त चढवायची सोय नव्हती. बाळंतपणात बाई मरेल ही भीती घरोघर होती. त्या भीतीने माणसाला कागदाचा आसरा घ्यायला लावले.

मग गुण कसा येतो? बहुतेक बाळंतपणे तशीही नीट पार पडतात, श्रेय ताईताला जाते. सापाचेही तेच. बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. तो माणूस मंत्राशिवायही जगणारच असतो. पण मण्यार चावली तर रात्री दुखतही नाही, आणि पहाटे श्वास अडतो. तिथे मंत्र हरतो आणि माणूस जातो.

प्रत्येक चिन्ह वाईट असे आम्ही म्हणत नाही. शेजारच्या वारली पाड्यांवर लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. ती त्यांची संस्कृती आहे, तिचा मान राखा. आपले धम्मचक्रही चिन्हच आहे. ते मार्गाची आठवण देते, ताप उतरवत नाही. परित्राण पाठाचा दोरा मनाला धीर देत असेल, पण तो औषधाच्या जागी बांधला तर आपल्यात आणि त्या बाबात फरक काय राहिला?

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात अंगावरची लक्षणे, शकुन, मंत्र-तोडगे यांवर पोट भरणे श्रमणाला वर्ज्य सांगितले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दैवी चमत्कारावरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

एवढे लक्षात ठेवा:

• गर्भारपणात तोंड-हात सुजणे, डोके ठणकणे, अंधारी येणे, झटके, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे: यात थांबू नका. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात बाळंतपणही मोफत आहे.
• साप चावल्यास चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.
• तान्ह्या बाळाच्या गळ्यात दोरा नको. फास बसू शकतो.
• ज्याने ताईत बांधला असेल त्याला हसू नका. हसलो की तो लपवतो, आणि आजारही लपवतो. आधी तपासणीला न्या, ताईताचे नंतर बोला.

त्या सासूबाई आता वस्तीतल्या प्रत्येक गरोदर सुनेला स्वतः ९ तारखेला घेऊन येतात.

नमो बुद्धाय, जयभीम.