प्राध्यापकांचे एआय प्रशिक्षण आणि आपली शाळा



मागच्या महिन्यात माझी जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती बी.ए.ला आहे. म्हणाली, "मॅडम, वर्गात बारा जणांचे प्रोजेक्ट सारखेच निघाले. सरांनी सगळे परत केले. पण एआय वापरायचं कसं, हे कुणी सांगितलंच नाही." मुलांना कुणी सांगायचं? आणि सांगणाऱ्यांना कुणी शिकवायचं?

प्रशिक्षणाची जागा

प्राध्यापकांना पदोन्नतीसाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर असे कोर्स करावे लागतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरात असे कोर्स डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील केंद्रात होतात. आधी ते अकॅडमिक स्टाफ कॉलेज होते, नंतर मनुष्यबळ विकास केंद्र झाले. २०२३ मध्ये देशभरातील अशी केंद्रे मालवीय मिशनमध्ये आली. या मिशनच्या विषयांत माहिती-तंत्रज्ञानही आहे. म्हणजे एआय शिकवायला हीच योग्य जागा. पण तिथे नेमके काय शिकवावे? मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

१. यंत्र कसे चालते? चॅटजीपीटीसारखे साधन आधी वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जाते. त्यामुळे उत्तर सफाईदार असते, पण खरे असेलच असे नाही.

२. उत्तर कसे तपासायचे? मी एका अॅपला वेरूळबद्दल विचारले. १६ क्रमांकाचे कैलास लेणे बरोबर सांगितले, पण जातककथांची चित्रेही वेरूळलाच नेऊन बसवली! वर्गात वाचून दाखवले तर एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, ती तर अजिंठ्याला आहेत. आम्ही पाहिलीत." ज्याने पाहिले होते, त्यालाच चूक सापडली.

३. प्रश्न कसा बदलायचा? "पाणचक्कीची माहिती लिहा" याचे उत्तर यंत्र क्षणात देते. त्याऐवजी असे सांगा: पाणचक्कीला जा, पाणी कोणत्या मार्गाने आणले होते ते शोधा, तिथल्या एका माणसाशी बोला. मग एआयचे उत्तर शेजारी ठेवून फरक लिहा. आता बारा जणांचे बारा प्रोजेक्ट वेगळे येतील.

युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा दिला. त्यात १५ क्षमता आहेत, पाच भागांत. पहिला भाग माणूस केंद्रस्थानी ठेवण्याचा, दुसरा नीतिमत्तेचा. यंत्राची ओळख तिसरी येते! आपल्याकडे मात्र प्रशिक्षण म्हटले की आधी अॅप डाउनलोड. विद्यार्थ्यांची नावे आणि गुण अशा साधनांत टाकू नयेत, हेही प्रशिक्षणातच सांगायला हवे.

आपला काय संबंध?

आज बी.एड. करणारी मुलगी उद्या आपल्या शाळेत शिकवणार आहे. तिच्या प्राध्यापकांनी तिला तपासून घ्यायची सवय लावली, तरच ती आपल्या मुलांना लावेल. प्राध्यापकांनी फक्त बंदी घातली तर मुलं लपून वापरतील आणि चूक कुणाच्याच लक्षात येणार नाही.

पालकांनो, आज संध्याकाळी एवढे करा. मुलाला शेजारी बसवून एआयला आपल्या गावाबद्दल पाच वाक्ये विचारा. मग दोघे मिळून चुका शोधा. न सापडल्यास आजी-आजोबांना विचारा. त्यांना नक्की सापडेल!