लाल रेघा पुसल्या त्यांनी, बिल माझ्या नावावर

"तुमच्या कोडमध्ये जिल्हाच चुकलाय," असं नगरच्या एका खत-बियाणे वितरकाच्या ऑफिसातून मला फोनवर सुनावण्यात आलं. नेवासा, शेवगावच्या दुकानदारांच्या ऑर्डरी केडगावच्या गोदामाऐवजी पुण्याकडे वळत होत्या. तेही सगळ्यांच्या नाही. जुन्या खात्यांचा माल बरोबर पोचत होता, नव्यांचा नाही.

टाइपस्क्रिप्टमध्ये मी जिल्ह्यासाठी साधी स्ट्रिंग ठेवलीच नव्हती. ३६ ठरावीक नावांचा टाइप होता आणि गोदाम ठरवणाऱ्या प्रत्येक स्विचच्या डिफॉल्टमध्ये उरलेली किंमत 'नेव्हर'ला देऊन ठेवली होती. यादीत नवं नाव घातलं आणि त्याची केस लिहायची राहिली, की कंपायलर तिथेच अडवणार. २०२३ मध्ये औरंगाबाद, उस्मानाबादची नावं बदलली तेव्हा या लाल रेघांनीच मला एकेक जागा दाखवली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तोवर काम दुसऱ्याकडे गेलं होतं. का गेलं, ते राहू दे. त्या गृहस्थांनी यादीत नवं नाव घातलं, जुनंही तसंच ठेवलं. रेघा उमटल्या. केस लिहायच्या सोडून त्यांनी 'नेव्हर'ची ओळ उडवली, तिथे पुण्याचं गोदाम लिहिलं. जिथे तेवढ्यानं भागेना तिथे 'ॲज एनी'. गिटमध्ये ती नोंद उघडली. शेरा होता, 'किरकोळ दुरुस्ती'. तो शेरा मी अजून विसरलेलो नाही. स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर आलं, "सर, बिल्ड तर पास होत होता ना!" होणारच. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की लाइट कशाला जातेय.

तेव्हा डिफॉल्टमध्ये सोयीचं उत्तर लिहू नका. ईएसलिंटमध्ये 'एनी'वर बंदी घाला, आणि तो नियम बंद करणारी कॉमेंट दिसली की लिहिणाऱ्याला जाब विचारा. आकड्यांचे एनम असतील तर मार्च २०२३ च्या ५.० आवृत्तीआधीचा टाइपस्क्रिप्ट त्यात थेट ९९९ सुद्धा मुकाट घेतो. नंतरचाही घेतो, आकडा साध्या नंबर व्हेरिएबलमधून आला तर. एक्सेलमधून आलेल्या नावाला तर यातलं काहीच वाचवत नाही, कारण कंपाइल झाल्यावर टाइप उरतच नाहीत. तिथे प्रोग्रॅम चालतानाची तपासणी हातानं लिहावी लागते.

आणि डेटाबेसात नाव नको, कोड ठेवा. २०११ च्या जनगणनेत हा जिल्हा ५२२ आहे. पाटी बदलली म्हणून तो बदलत नाही. कोडचा रकाना मी सुरुवातीलाच सुचवला होता. "ग्राहकाला आकडे कळत नाहीत" म्हणून काढायला लावला, ती ईमेल जपून ठेवली आहे. तुम्हीही सगळं लेखी घ्या, बॅकअप ठेवा, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय हात लावू नका, वगैरे.

शेवटी निस्तरलं मीच. बिल पाठवलं, तर अकाउंट्सवाले म्हणतात, तुमच्याच कोडची दुरुस्ती, तिचे पैसे कसले?