जिन्याच्या वळणावरचे गणित

दोन मजले चढल्यावर तुम्हाला थोडी धाप लागते आणि मिनिटभरात ती ओसरते. माझ्या थोरल्या बहिणीवर कर्करोगाचे उपचार चालू होते, तेव्हा तोच जिना चढताना ती तीनदा खाली बसे. घरातले म्हणत, "हिने हाय खाल्ली आहे." हे म्हणणे किती चूक होते, ते आकड्यांतच पाहू.

केमोथेरपीची बरीच औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्कपेशी तशा असतात. पण अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशीही तशाच! म्हणून पुष्कळ रुग्णांचे हीमोग्लोबिन उतरते. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १.३४ मि.लि. प्राणवायू वाहून नेते. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त लोटते असे धरा. १०० मि.लि. रक्तात १४ ग्रॅम हीमोग्लोबिन असेल, तर मिनिटाला सुमारे ९४० मि.लि. प्राणवायू शरीराला पोचतो; ९ ग्रॅम असेल, तर ६००. त्यातला सुमारे २५० नुसते बसून राहायलाच लागतो. आता वजाबाकी करा. शिल्लक ६९० वरून ३५० वर आली. म्हणजे हीमोग्लोबिन साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटले, पण हालचालीसाठी उरणारा प्राणवायू निम्मा झाला!

(हिशेब ढोबळ आहे. हृदय जलद चालून काही भरपाई करते. उलट रक्तातला सगळाच प्राणवायू स्नायूंना काढून घेता येत नाही. शिवाय डॉक्सोरुबिसिनसारखे औषध काही रुग्णांचे हृदयच दुबळे करते.)

मग पडून राहावे का? पूर्वी तसेच सांगत. पण न वापरलेला स्नायू झिजतो आणि थकवा वाढतच जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया व केमोथेरपी संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, उरलेल्यांना केवळ आरोग्याची माहितीपत्रके. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणारे पहिल्या गटात सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्यात ७४. पहिल्या गटाची चालण्याची क्षमताही अधिक सुधारली.

सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, हे मोजण्याची एक साधी पद्धत आहे. डॉक्टरांच्या संमतीने आम्ही घरापुढच्या सपाट रस्त्यावर टेप धरून खुणा केल्या. ताई पहिल्या दिवशी २४० मीटर चालली, तीन महिन्यांनी ३९०. हल्ली जिन्यात ती एकदाच थांबते, तेही शेजारणीशी बोलायला.