दोनदा तळलेली कोंबडी आणि कढईतले तेल

पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपल्या जिल्ह्यातील मुले सुटीत घरी आली की हल्ली ‘कोरियन फ्राईड चिकन’ची गोष्ट निघतेच. पुण्याजवळ रांजणगावला एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. त्या देशाची माणसे कामानिमित्त पुण्यात राहू लागली, तशी त्यांच्या जेवणाची हॉटेलेही तिथे निघाली. थंडगार दालन, उंची भांडी आणि तसेच उंची बिल! मुले सांगतात, ‘‘बाबा, ती कोंबडी इतकी कोरडी नि कुरकुरीत असते की हाताला तेल लागत नाही.’’ नेमका इथेच गैरसमज होतो.

कोरियात हा पदार्थ फार जुना नाही. पूर्वी तिथे कोंबडी मुख्यतः उकडून, रश्शासह खात. १९७० नंतर खाण्याचे तेल आणि ब्रॉयलर कोंबडी मुबलक झाली. १९७७ साली सोल शहरात तळलेल्या कोंबडीची साखळी दुकाने सुरू झाली. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकरी गेलेल्या अनेकांनी अशीच दुकाने टाकली आणि पदार्थ घरोघरी पोचला.

त्याची खुबी दोनदा तळण्यात आहे. तुकड्यांना बटाट्याचे किंवा मक्याचे पीठ (स्टार्च) पातळ लावतात. पहिल्यांदा मध्यम आचेवर तळून मांस आतपर्यंत शिजवतात. थोडा वेळ बाहेर ठेवून दुसऱ्यांदा अधिक गरम तेलात तळतात. यात कातडीतले पाणी उडून जाते व कवच कडक होते. पण पाणी गेलेल्या जागी काही तेल शिरतेच. म्हणजे कोरडे दिसणे हे पाणी गेल्याचे लक्षण आहे, तेल नसल्याचे नव्हे.

हिशेब पाहा. कातडी काढून बिनतेलाने शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत सुमारे १६५ ते १९० कॅलरी असतात. कातडीसह, पीठ लावून तळली की त्या अडीचशेच्या वर जातात. वरून चोपडतात तो तिखट-गोड रस मिरची व सोयाबीन आंबवून केलेल्या चटणीचा असतो. त्यात साखर किंवा पाक आणि भरपूर मीठ असते. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे. कोरियात सोबत बिअर घेण्याची चाल आहे. आपला जिल्हा दारूबंदीचा. पण मुले शहरात असतात म्हणून सांगून ठेवतो.

मात्र वर्षातून दोन-चारदा अशा हॉटेलात जाण्याने धडधाकट माणसाचे फारसे बिघडत नाही. खरी काळजी रोजच्या तेलाची. तेच तेल वारंवार तापले की त्यात ‘पोलर’ नावाची घातक द्रव्ये साचतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून ही द्रव्ये २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. असे तेल नेहमी पोटात गेल्यास रक्तवाहिन्या व हृदयाला धोका वाढतो. हा नियम महागड्या हॉटेलाला आहे, तसाच चौकातल्या आलुबोंड्याच्या गाडीलाही आहे. तेल किती वेळा तापले, हे बिलाच्या आकड्यावरून कळत नाही.

वाचकांनी एवढे पाळावे :

१) तेल काळपट, चिकट झाले, त्यावर फेस टिकू लागला किंवा लवकर धूर निघू लागला, तर ते टाकून द्यावे.

२) जुन्या तेलात नवे ओतल्याने जुने सुधारत नाही, नवेच लवकर बिघडते.

३) तळणीचे उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये.

४) तळायला फल्लीचे तेल चालते. जवसाचे तेल मात्र तापवू नये, ते चटणीवर कच्चेच घ्यावे.

५) मुलांनी घरी हा पदार्थ करायचा हट्ट धरला, तर कातडी काढावी, तुकडे थोडे घ्यावेत, रसात मीठ-साखर निम्मी करावी. कोरियन लोक सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मुळ्याच्या फोडी खातात. आपण ताजा मुळा नि काकडी भरपूर घ्यावी.

मुलगा सुटीत आला की त्याला हॉटेलचे नाव जरूर विचारा. पण त्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन आपल्या कढईतले तेल कितव्यांदा तापते आहे, तेही विचारा.