विद्यार्थी-सल्लागार

मुलांनो, शिक्षक, डॉक्टर, वकील हे तुमच्या परिचयाचे आहेत. विद्यापीठात आणखी एक माणूस काम करीत असतो. तो वर्गात शिकवीत नाही, उत्तरपत्रिकाही तपाशीत नाही. अडलेल्या विद्यार्थ्याला वाट दाखवावयाची, हाच त्याचा व्यवसाय. त्याला विद्यार्थी-सल्लागार म्हणतात.

समजा, खेड्यातून आलेला एक विद्यार्थी दिवाळीनंतर त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. "सर, मला कॉलेज सोडावयाचे आहे. दाखला कसा मिळेल?" एवढेच तो विचारतो. याचे उत्तर सोपे आहे. अर्ज केला की दाखला मिळतो. परंतु सल्लागार म्हणतो, "आधी बैस. जेवलास का?" मग हळूहळू कळते की, दोन महिन्यांचे खाणावळीचे पैसे थकले आहेत आणि मुलगा लाजेने एक वेळच जेवतो. इंग्रजीतील व्याख्याने त्याला समजत नाहीत, हे तर त्याने घरीही सांगितलेले नाही. म्हणजे दाखला हा प्रश्नच नव्हता! सल्लागार शिष्यवृत्तीचा अर्ज का अडला ते पाहतो. पुष्कळदा उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा राहिलेला असतो. तो खाणावळवाल्याशी बोलतो, वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याशी मुलाची गाठ घालून देतो. कधी घरची ओढाताण इतकी असते की मुलाला जावेच लागते; तेव्हा पुन्हा प्रवेश कसा मिळेल, हेही तो समजावून देतो.

हे पद नव्हते तेव्हाही अशी काळजी वाहणारी माणसे होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले व गरिबांची मुले श्रम करून शिकू लागली. आज महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातच विद्यार्थी विकासाची तरतूद आहे.

या कामासाठी मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे शिक्षण उपयोगी पडते. मुंबईस समाजकार्याचे असे शिक्षण १९३६ पासून मिळते. पण ऐकून घेण्याचा धीर अंगी नसेल, तर पदवीचा काय उपयोग?

विश्वासाने सांगितलेली गोष्ट सल्लागार कोणापाशी बोलत नाही. मात्र विद्यार्थ्याच्या जिवाला धोका दिसताच तो गप्प राहत नाही. घरच्यांना व डॉक्टरांना कळवितो, आणि शक्य तेथे तसे विद्यार्थ्याला आधी सांगतो.